गाडी मोकळी होते म्हणजे काय?

पाश्चात्त्य साहित्यविचाराच्या तासाला टी. एस. एलियट शिकवायचा म्हटले की प्लॅटिनमच्या तारेचा दृष्टान्त टाळता येत नाही. 'परंपरा आणि वैयक्तिक प्रज्ञा' या १९१९ सालच्या निबंधात त्याने कवीच्या मनाची तुलना उत्प्रेरकाशी केली. प्राणवायू आणि सल्फर डायॉक्साइड हे दोन वायू असलेल्या पात्रात प्लॅटिनमची तार ठेवली की त्यांचा संयोग होऊन आम्ल तयार होते. त्या आम्लात प्लॅटिनमचा अंशही नसतो आणि तारही जशीच्या तशी राहते. कवीचे मनही असेच तटस्थ राहून भावनांचे रूपांतर घडवते, असा एलियटचा आशय. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना हा दृष्टान्त तोंडपाठ असतो, कारण तो परीक्षेत हमखास उपयोगी पडतो. गेल्या वर्षी हा भाग शिकवून झाला तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, हे प्लॅटिनम गाडीच्या सायलेन्सरमधे पण असतं. आम्ही आमच्या गाडीचं काढून टाकलं. गाडी एकदम मोकळी झाली."

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण ते हसणे आम्हांला जड गेले. ज्या गाडीतून आम्ही त्या दिवशी महाविद्यालयात आलो होतो, त्या गाडीतूनही ते काढून टाकलेले होते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. राहतो शिरूरला, शिकवतो दौंड तालुक्यात. एक जण कायम सेवेत, दुसरा वयाची चाळिशी उलटून गेली तरी अजून तासिका तत्त्वावर. एक जुनी पेट्रोल गाडी दोघांत मिळून घेतलेली आहे. न्हावरे, पारगाव, केडगाव चौफुला असा आमचा नेहमीचा रस्ता. मोटारीच्या धुराड्याविषयी साहित्याच्या अध्यापकांनी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल आणि तो रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त काम एका शब्दाने केले आहे. तो शब्द म्हणजे 'मोकळी'. शब्द काय करतात हे पाहणे हा आमचा व्यवसाय आहे. शिवाय या शब्दाला आम्ही स्वतः फसलो आहोत.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. परिभाषाकोशाच्या वळणाने तिला 'उत्प्रेरक परिवर्तक' म्हणता येईल. गॅरेजमध्ये तिला 'कॅट' म्हणतात, कोणी 'जाळी' म्हणतात, बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत. इंजिनातून निघालेली नळी मागे धुराड्याकडे जाते, तिच्या वाटेत हा पत्र्याचा डबा असतो. आत चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा ठोकळा असतो आणि त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रे असतात. एका चौरस इंचात ४०० च्या आसपास. या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि रोडियम या धातूंचा अतिशय सूक्ष्म थर असतो. सगळा मिळून धातू काही ग्रॅमच भरतो. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचा कार्बन डायॉक्साइड आणि पाणी होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. डबा पुरेसा तापला आणि इंजिनातील हवा व पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ असे नेमके राहिले, तर हे तिन्ही विषारी घटक ९० टक्क्यांहून अधिक नाहीसे होतात. एलियटच्या तारेचेच हे काम. फक्त येथे त्यातून कविता होत नाही, श्वास घेण्याजोगी हवा होते.

या वस्तूचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. युजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत लॉस एंजलिसच्या धुरक्याने अस्वस्थ होऊन अशा यंत्रावर काम केले. १९५०च्या दशकात त्याला पेटंट मिळाले, पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होतो. त्यामुळे ते यंत्र तसेच पडून राहिले. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी मोटारींत ते सर्रास आले आणि त्यासाठी पेट्रोलमधून शिसे काढावे लागले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. उरलेल्या देशाला असे पेट्रोल मिळायला १ फेब्रुवारी २००० उजाडावा लागला.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २००५ साली भारत स्टेज तीन हा मापदंड प्रथम ज्या ११ शहरांत लागू झाला, त्यांत पुणे होते. बाकी देशात स्टेज दोन चालू राहिला. २०१० मध्ये पुण्यासह १३ शहरांना स्टेज चार मिळाला, इतरांना स्टेज तीन. शहर आणि बाकीचा मुलूख हा भेद १ एप्रिल २०१७ रोजी मिटला. पुढे १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र स्टेज सहा आला. म्हणजे २००५ ते २०१७ अशी बारा वर्षे पुणे शहरासाठी एक हवा आणि शिरूर-दौंडसाठी दुसरी हवा अशी अधिकृत व्यवस्था होती. तीमागे इंधनपुरवठ्याची व्यावहारिक कारणे होती हे आम्ही जाणतो. तरीही गावाकडच्या फुप्फुसांना थोडे जास्त चालते, असा एक धडा त्यातून नकळत दिला गेला. तो आम्ही चांगलाच आत्मसात केला असे दिसते.

आता 'मोकळी' या शब्दाकडे येऊ. गॅरेजमध्ये बसून तो ऐकावा. 'गाडी कोंडल्यासारखी झालीय', 'गळा आवळलाय', 'जाळी काढली की मोकळा श्वास घेईल', 'पिकअप बघा मग'. इंजिनाला छाती आहे, नळीला गळा आहे, डबा म्हणजे गळ्यातला बोळा. हे रूपक जिवंत आहे आणि आकर्षक आहे. ज्या भाषेत जनावराला दावणीतून मोकळे करण्याला पुण्य मानतात, त्या भाषेत तर ते लगेच पटते. वस्तुतः रूपक नेहमी काहीतरी उजेडात आणते आणि काहीतरी अंधारात ठेवते. येथे उजेडात येतो गाडीचा श्वास. अंधारात राहतो तो गाडीमागच्या माणसाचा. गाडीला फुप्फुसे नाहीत. मागे सायकलवर असलेल्याला आहेत. गाडी श्वास घेते असे म्हणताना आपण खरा श्वास घेणाऱ्यांना वाक्यातून बाहेर काढलेले असते.

बरे, गाडी खरोखर तरी मोकळी होते का? १९७०च्या दशकातील पहिल्या पिढीच्या डब्यांत वायूला खरोखरच बराच अडथळा होत असे आणि त्याच काळात अन्य कारणांनीही अमेरिकी इंजिनांची ताकद घटली होती. सगळा दोष डब्याच्या माथी आला. त्या काळातील अनुभवाची दंतकथा झाली आणि ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. शर्यतीच्या गाडीत, जेथे इंजिन सतत कमाल वेगाने फिरते, इंधनाचे गणित नव्याने मांडलेले असते आणि सगळी नळीच बदललेली असते, तेथे काही अश्वशक्ती वाढतात हे खरे आहे. परंतु आपल्या नेहमीच्या लहान गाडीत आणि न्हावऱ्याच्या रस्त्यावर हा फरक पायाखाली जाणवेल इतका नसतो. जाणवतो तो आवाज. आवाज वाढला की वेग वाढला असे मनाला वाटते. उलट डब्याच्या पुढे आणि मागे प्राणवायू मोजणारे संवेदक असतात. डबा रिकामा झाला की मागचा संवेदक तक्रार करतो आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग तो दिवा विझवण्यासाठी गाडीच्या संगणकाशी खोटे बोलण्याची आणखी एक युक्ती करावी लागते. एक डबा चुकीचा जाम झाला असेल तर गाडी खरोखर गुदमरते, हेही मान्य केले पाहिजे. पण त्यावरचा उपाय डबा बदलणे हा आहे, आणि तो का जाम झाला ते शोधणे हा आहे. कावीळ झाली म्हणून कोणी यकृत काढून टाकत नाही.

हे शहाणपण आम्हांला नंतर सुचले. आमच्या गाडीचा तो दिवा लागला तेव्हा आम्ही एका गॅरेजमध्ये गेलो. नवा डबा टाकायचा तर खर्च आमच्यातील तासिकावाल्याच्या महिनाभराच्या मानधनाहून अधिक होता, आणि ते मानधनही कित्येक महिने थकलेले होते. मिस्त्री म्हणाले, "सर, कशाला एवढे घालवता? आतली जाळी फोडून टाकू. गाडी मोकळी होईल. डबा तसाच राहील, बाहेरून कोणाला कळणारबी नाही." आम्ही एकमेकांकडे पाहिले. साहित्यात रूप आणि आशय वेगळे करता येत नाहीत, हे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या दोघांनी रूप शाबूत ठेवून आशय फोडून टाकायला तासाभरात संमती दिली. सळईने ठोकून ठोकून तो ठोकळा फोडला गेला. करड्या रंगाचे तुकडे आणि भुकटी खाली पसरलेल्या पोत्यावर पडली. हाताखालच्या पोराने ती फार काळजीपूर्वक गोळा केली, एक खडाही वाया जाऊ दिला नाही. आम्हांला त्याच्या टापटिपीचे कौतुक वाटले. पैसे दिले आणि निघालो. पुढे प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र घ्यायला गेलो तेव्हा यंत्राची नळी धुराड्यात शिरली न शिरली तोच कागद हाती पडला. आम्ही तोही निमूटपणे घेतला.

ते पोर इतके का जपत होते, ते उमगायला वर्तमानपत्र वाचावे लागले. गेल्या काही वर्षांत पुणे जिल्ह्यातच नव्हे तर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला गेले. पोलिसांनी टोळ्या पकडल्या, तेव्हा चोरांचा रोख आतल्या प्लॅटिनमयुक्त भुकटीवर होता हे उघड झाले. बातम्यांतही त्या भुकटीला एकच शब्द येत असे: 'माती'. सायलेन्सरमधली माती. मार्च २०२१ मध्ये याच मातीतील रोडियमचा भाव जागतिक बाजारात औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता. चोराने जिला माती म्हटले, तिचे मोल त्याला ठाऊक होते. आम्ही जिला अडगळ म्हटले, तिची आम्ही आमच्या हाताने माती केली आणि वर मजुरीही दिली. मराठीत 'माती करणे' या वाक्प्रचाराचा इतका अक्षरशः प्रत्यय आम्हांला पूर्वी कधी आला नव्हता.

आमचे डोळे उघडले ते मात्र भावामुळे नव्हे. डिसेंबरातील सकाळ होती. गाळप हंगाम भरात होता आणि न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॅक्टरांमुळे रस्ता तुंबला होता. थंडीने हवा जड झाली होती, धुके जमिनीला टेकले होते. आम्ही काचा लावून, इंजिन चालू ठेवून, बहुधा विभागाच्या कुठल्याशा अहवालाविषयी बोलत बसलो होतो. त्याच दिवशी वर्गात एका विद्यार्थिनीने संकोचाने सांगितले, "सर, सकाळी मी तुमच्या गाडीच्या मागंच होते. स्कुटीवर. तुमच्या गाडीमागं थांबवत नाही, डोळे चुरचुरतात. दम लागल्यासारखं होतं." तिला दम्याचा त्रास आहे, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. ती पुढे म्हणाली, "गाडीला काही झालंय का?" गाडीला काहीच झाले नव्हते. गाडी मोकळी होती.

तिच्या वाक्याने आमच्यापुढे एक साधी गोष्ट उभी केली. मोटारीचा प्रत्येक भाग मालकासाठी काही ना काही करतो. इंजिन त्याला नेते, ब्रेक त्याला वाचवतो, दिवा त्याला वाट दाखवतो, गादी त्याची पाठ सांभाळते. हा एकच डबा असा आहे की जो मालकासाठी जवळजवळ काहीही करीत नाही. तो जे करतो ते मागच्यासाठी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. नायट्रोजनची ऑक्साइडे श्वासनलिका जाळतात आणि उन्हात न जळलेल्या इंधनाशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात. हवामानबदलावर हा डबा उपाय नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. त्यातून कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतोच. तो दूरच्या हिमनद्यांसाठी बसवलेला नाही; जवळच्या माणसासाठी बसवलेला आहे. आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, शेजारधर्म. गाडीतील हा एकमेव भाग शेजारधर्म पाळतो, आणि म्हणूनच पैसे वाचवायची वेळ आली की सर्वांत आधी तोच अनावश्यक ठरतो.

कायदा नाही असे मुळीच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. हवा किंवा आवाज यांचे मापदंड मोडून गाडी चालवल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु कायद्याला कान आहेत, नाक नाही. बुलेटच्या फटफटणाऱ्या सायलेन्सरांवर महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. त्या कारवाईचे आम्हांला स्वागतच वाटते. पण आजच्या मोटारसायकलींतही उत्प्रेरक धुराड्याच्या नळीतच बसवलेला असतो, आणि सायलेन्सर बदलताना आवाजाबरोबर तोही अनेकदा जातो, याची चर्चा त्या छायाचित्रांखाली होत नाही. आवाज पकडला जातो. न दिसणारे, न ऐकू येणारे सुटते. नेहमीच्या पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची दाटी पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत.

हा दोष फक्त आमच्यासारख्या किरकोळ माणसांचा आहे असेही नाही. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले. डिझेल गाडी प्रयोगशाळेत आहे हे तिच्या संगणकाला ओळखू येई आणि तेवढ्यापुरती ती स्वच्छ होई. या कंपनीचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, चाकणला. भारतातील गाड्यांची तपासणीही पुण्यातच, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केली. प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. भारतीय नियमांचा भंग झाल्याचे मात्र तिने नाकारले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कायद्याचा निवाडा काय व्हायचा तो होवो. आम्हांला त्यात ओळखीचे काहीतरी दिसले. परीक्षेपुरते स्वच्छ असणे ही कला आपल्या वर्गांतही शिकवली जाते. कादंबरी न वाचता गाइडावरून तिचे मूल्यमापन लिहिणारा विद्यार्थी आणि त्याला प्रथम वर्ग देणारे आम्ही, हे त्या संगणकाचेच नातलग आहोत. कागद खरा, वस्तू पोकळ. आमच्या गाडीचा डबा आणि तिचे प्रमाणपत्र याहून वेगळे काय होते?

विद्यार्थ्यांशी या विषयावर आम्ही नंतर मोकळेपणाने बोललो. त्यांचे आक्षेप ऐकण्यासारखे होते. एक म्हणाला, सर, आमच्या एका गाडीने काय होणार? केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांतून चिपाडाऐवजी प्लॅस्टिक नि जुन्या चपला जळतात, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांचा वास रात्री गावात येतो, नगर रस्त्यावर अवजड ट्रकांची रांग हटत नाही. त्यांना कोण विचारतो? या आक्षेपात राग आहे आणि तो रास्त आहे. मोठ्याला सूट आणि लहानाला दंड हा अनुभव या भागाने पुरेपूर घेतला आहे. परंतु या युक्तिवादाचा शेवट कोठे होतो ते पाहावे. गुऱ्हाळवालाही हेच म्हणतो, कारखानदारही हेच म्हणतो, प्रत्येक जण आपल्याहून मोठ्या धुराकडे बोट दाखवतो. ज्याने आपला डबा स्वतः फोडला आहे, त्याला कुरकुंभला जाऊन जाब विचारण्याचा आवाज उरत नाही. सायलेन्सरचा आवाज वाढतो तेव्हा हा दुसरा आवाज घटतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. खेड्यातल्या पोराच्या हाती स्वतःचे म्हणावे असे काय असते? नोकरी नाही, जमीन तुकड्यातुकड्यांची, लग्न जमत नाही. एक गाडी असते. तिच्यात हात घालून ती आपल्यासारखी करावी, चौकातून जाताना चार माणसांनी वळून पाहावे, एवढीच त्याची इच्छा. तिला उपदेशाने हिणवू नये. आम्हांला हे मान्य आहे. यंत्राला हात लावणे, ते उघडणे, बदलणे ही ज्ञानाची वाट आहे आणि तिचे उत्तम उदाहरण शिरूर तालुक्यातच आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेल्या मुलांनी हातांनी काम करीत शिकावे, हा त्यामागचा विचार. जीपचे जुने भाग वापरून तेथे 'मेकबुल' नावाचा लहान, स्वस्त ट्रॅक्टर तयार झाला. तोही मूळ रचनेतला बदलच होता. फरक इतकाच की तो करताना काय काढतो आहोत, का काढतो आहोत आणि त्याचा भार कोणावर पडेल, हे प्रश्न कोणी दुसऱ्याच्या माथी ढकलले नव्हते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा मोटारींचा कारखाना आहे. ज्या तालुक्यात हा डबा बसवलेल्या गाड्या तयार होतात, त्याच तालुक्यात तो काय करतो हे कोणाला सांगता येऊ नये, ही अवस्था शिक्षकांनी मनाला लावून घेण्यासारखी आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्यावर आमच्याकडे चटकन देण्याजोगे उत्तर नाही. जुन्या गाडीच्या मालकाला नवा डबा परवडत नाही हे सत्य आहे आणि आमच्या बाबतीतही तेच घडले. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला शेजारधर्म शिकवणारी व्यवस्था त्याच्याशी स्वतः तो धर्म पाळत नाही, हेही सत्य आहे. पण या अन्यायाचे बिल आम्ही शासनाला पाठवले नाही. स्कुटीवरच्या त्या मुलीला पाठवले. अन्याय खाली सरकवण्याची ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती करताना हातही थरथरत नाही.

त्या हिवाळ्यातच आम्ही नवा डबा बसवला. हप्त्याने पैसे दिले. मिस्त्रींना आश्चर्य वाटले, पण त्यांनी काम चोख केले. गाडीच्या पिकअपमध्ये आम्हांला कोणताही फरक जाणवला नाही, ना काढल्यावर, ना बसवल्यावर. त्या विद्यार्थिनीला आम्ही काय केले होते ते सांगितले. ती एवढेच म्हणाली, "बरं झालं सर." मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने अजून डबा बसवलेला नाही. आम्ही त्याला आग्रह केलेला नाही, फक्त एकदा त्याच्या गाडीच्या मागे दहा मिनिटे उभे राहण्याचे निमंत्रण त्यालाच दिले आहे. तो हसला आणि म्हणाला, बघू.

यंदा एलियटचा तो निबंध पुन्हा शिकवायचा आहे. दृष्टान्त तोच राहील, पण त्याला एक पुरवणी जोडावी असे ठरवले आहे. एलियटची तार तटस्थ आणि अविकृत राहते, कारण ती प्रयोगशाळेत आहे. तेथे तिला शिसे चिकटत नाही, तिला कोणी चोरत नाही आणि ती अडथळा आहे असे म्हणून कोणी तिच्यावर सळई चालवत नाही. रस्त्यावरच्या प्लॅटिनमला कोणीतरी राखावे लागते. ते राखायचे की नाही हे आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारतो यावर बरेच अवलंबून असते. 'मोकळी' हा शब्द आम्ही आमच्यापुरता गॅरेजमधून परत मागून घेतला आहे. आता न्हावऱ्याला रस्ता तुंबला की आम्ही इंजिन बंद करतो, काच खाली करतो आणि मागे कोण आहे ते पाहतो.